परसातली डोलकाठी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले आणि अलिबागेपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या नारळ-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पुढे यथाकाल पंचनामे झाले. किती माड उन्मळले, किती पोफळी मधोमध मोडल्या, किती आंबे, किती फणस, किती कौले आणि किती पत्रे उडाले, याची मोजदाद होऊन ती दप्तरात दाखल झाली. ज्यांनी ती चिखल तुडवीत केली त्यांच्या कष्टांविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. परंतु ज्या माडांच्या झावळ्यांना दर पावसाळ्यात सुगरणीची घरटी लोंबत, ज्या शेवग्याच्या वठलेल्या फांदीत तांबट दरसाल नवी ढोली कोरी, ज्या जास्वंदीच्या आणि पेरूच्या गर्दीत बुलबुलांचा नि शिंजीरांचा दिवसभराचा संसार चाले, त्या माडांबरोबर, फांद्यांबरोबर आणि गर्दीबरोबर कोण बेघर झाले याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. आमच्या चौलच्या वाडीत वादळानंतरची पहिली सकाळ उजाडली तेव्हा उजेड नेहमीपेक्षा पुष्कळ होता, कारण वर आभाळ झाकायला काही उरले नव्हते. आणि त्या उजेडात एकही पाखरू बोलत नव्हते.

त्या मुक्या सकाळीने या किनाऱ्यावरच्या अनेक घरांना परसात पक्ष्यांसाठी दाण्याचे ताट उभारायला लावले, आणि ही गोष्ट मी मनापासून स्तुत्य मानतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे, की ते ताट ज्या खांबावर असेल तो खांब खाली-वर करता येण्याजोगाच असला पाहिजे. जो खाली येत नाही तो खांब मुळी उभारू नये. प्रथमदर्शनी ही सूचना एखाद्या सुताराची किंवा लोहाराची वाटेल. वस्तुतः ती भूतदयेच्या कारभारातली सूचना आहे, आणि मला ती दोन मुनियांच्या मरणाने शिकवली.

वादळानंतर त्याच पावसाळ्यात मी जो पहिला खांब केला तो दहा फुटी लोखंडी नळाचा होता आणि त्याच्या डोक्यावर ताट कायमचे जोडलेले होते. मांजर पोहोचू नये म्हणून उंची घेतली. पण जेथे मांजर पोहोचत नाही तेथे माणसाचा हातही पोहोचत नाही, याचा विचार केला नाही. दाणे घालायचे तर शिडी लावायची, आणि आषाढात शेवाळलेल्या अंगणात शिडी लावणे हे साठी उलटलेल्या माणसाने रोज करण्याचे काम नव्हे. म्हणून आठवड्यातून एकदा चढून पाच-सहा दिवसांचे भात नि नाचणी एकदमच ओतून मी खाली उतरत असे आणि आपण मोठी तजवीज लावली अशा समाधानात राहत असे. एका सकाळी खांबाच्या बुडाशी दोन मुनिया पिसे फुगवून बसलेल्या दिसल्या. मी जवळ गेलो तरी त्या उडाल्या नाहीत. एकीने डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटले. संध्याकाळपर्यंत दोघीही गेल्या. दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर पाहिले, तो ताज्या दाण्यांच्या खाली बोटभर जाडीचा काळा, आंबलेला, तारा सुटणारा थर. त्यात विष्ठा मुरलेली आणि भाताला मोड येऊन तेही कुजलेले. वरून ताट भरलेले दिसत होते. खालून, म्हणजे मी जेथे उभा राहून रोज कौतुकाने पाहत असे तेथून, त्यातले काहीच दिसत नव्हते.

पक्ष्यांना घास घालण्याचा शिरस्ता आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेला नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. पितृपक्षात काकबळी आहे. काऊचा आणि चिऊचा घास बाजूला काढल्यावाचून आपल्यातले कोणी लहानपणी जेवले नसेल. आणि कोकणात दसऱ्याला दारावर नवे बांधतात तेव्हा त्या भाताच्या लोंब्यांवर पहिला हक्क चिमण्यांचा असतो, तो त्या बजावतातही. परंतु या सगळ्या प्रकारांत एक समान गोष्ट अशी, की घास थोडा असे, ताजा असे आणि तो ठेवण्याची जागा रोज सारवलेली किंवा धुतलेली असे. जुन्या बायका अंगणाच्या कोपऱ्यात मूठभर कण्या टाकीत. दुपारपर्यंत त्या संपत. दुसऱ्या सकाळी सडा पडे. दानाच्या मागे झाडू होता. आज आपण घास उचलून उंच खांबावर नेला, त्याची मूठ सोडून किलो केली, आणि झाडू मात्र खालीच राहिला.

त्याचे फळ काय होते हे पाहायला फार दूर जायला नको, तरी दूरचे एक उदाहरण सांगतो, कारण ज्या देशात परसातल्या पक्ष्यांना दाणे घालणे हा घरोघरचा नित्यक्रम आहे त्या देशाचे ते आहे. ब्रिटनमध्ये 2005 पासून ग्रीनफिंच नावाच्या हिरवट, जाड चोचीच्या दाणेखाऊ पक्ष्यांत ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा रोग पसरला. हा परजीवी पक्ष्याच्या घशात राहतो आणि लाळेने भिजलेल्या दाण्यांतून व पाण्यातून एकाचा दुसऱ्याला लागतो. घशाला सूज येते, पक्ष्याला गिळता येत नाही आणि समोर अन्न असता तो उपाशी मरतो. जो पक्षी तेथे घरोघरी दिसे त्याची 2021 साली तिथल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादीत नोंद करावी लागली. ज्यांनी ताटे मांडली त्यांच्यापैकी एकाच्याही मनात पक्ष्यांचे वाईट नव्हते. आपल्या मुंबईतही 2025 च्या पावसाळ्यात कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्यात एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला माणसांच्या फुप्फुसांचे आरोग्य असे दोन पक्ष पडले. माझे मत असे, की पोत्यांनी दाणे ओतण्याची सवय हे त्या संकटाचे मूळ आहे. ज्या ठिकाणी एकाच जातीचे हजारो पक्षी एकाच दगडावर दिवसभर खातात नि विष्ठा करतात, तेथे दयेचे रूपांतर उपद्रवात होण्याला फार काळ लागत नाही.

आणि आपल्या रायगड जिल्ह्याला तर पक्ष्यांच्या अन्नाविषयीचा याहून दारुण धडा मिळालेला आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे एकेकाळी प्रत्येक गावाच्या ढोरफोडीच्या जागेवर बसलेली असत. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील त्यांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले, आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गिधाडांचे अन्न संपले नव्हते. ताट भरलेलेच होते. ताटात काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर म्हसळा तालुक्यातील चिरगावाच्या परिसरात महाडच्या सिस्केप संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांची घरटी राखली आणि मेलेली जनावरे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था केली. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात, जे 1986 साली जाहीर झाले आणि त्यापूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे रान होते, तेथेही गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची जागा करण्यात आली. या कामात जनावर कोणते, ते कशाने मेले, त्याला मरण्यापूर्वी कोणते औषध दिले होते, याची चौकशी आधी आणि जेवण नंतर, असा क्रम असावा लागतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला लागू असलेला हा क्रम मूठभर वजनाच्या मुनियेला लागू नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

तेव्हा ताट रोज डोळ्यांखाली आले पाहिजे, रोज हाताखाली आले पाहिजे, आणि काम झाल्यावर पुन्हा मांजराच्या उडीबाहेर गेले पाहिजे. ही तिन्ही कामे एकच खांब करू शकतो. तो कसा करावा याचा तपशील मी जरा विस्ताराने देतो, कारण सद्भावना सर्वांपाशी असते आणि अडते ते तपशिलात.

आपल्या किनाऱ्याची जमीन बहुतेक ठिकाणी पुळणीची आहे, खांबाला धरून ठेवणारी नव्हे. म्हणून बारा फुटी नळ घेतला तर त्यातला तीन फूट जमिनीखाली, खडी-सिमेंटात जायला हवा, म्हणजे वर नऊ फूट राहतात. नळ जस्ताचा मुलामा दिलेला, दोन इंची घ्यावा. साधे लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढीत नाही. खांबाच्या माथ्यावर पत्र्याचे टोपीसारखे गोल छप्पर कायमचे बसवावे आणि त्याच्या पोटाशी, समोरासमोर, दोन लहान कप्प्या लावाव्यात. कप्पी पितळी किंवा नायलॉनच्या चाकाची असावी, लोखंडी चाक येथे वर्षभरात गंजून जागीच थिजते. आता राहिले ताट, आणि माझी सगळी अडचण या ताटाशीच झाली.

मी प्रथम असे केले, की खांबावर सैल बसेल असा जाड पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा घातला, त्याला एका बाजूने हातभर लांबीची आडवी पट्टी जोडली आणि पट्टीच्या टोकाला ताट टांगले. रिकामी नळी बोटाने ढकलली तरी सरसर वर-खाली जाई; ताट टांगल्याबरोबर ती जागीच अडे. दोरी ओढली की नळी तिरकी होऊन खांबाला दोन टोकांनी चावा घेई, आणि जितके जोराने ओढावे तितकी ती अधिक घट्ट बसे. वेल्डरने नळी घासून पाहिली, साबण लावून पाहिला आणि शेवटी मला शिडीच लावण्याचा सल्ला दिला. त्या वेळी आमच्या कुंपणाशी रेवदंड्याचे एक वृद्ध तांडेल उभे होते, ज्यांनी उभे आयुष्य शिडाच्या आणि पुढे यंत्राच्या होडीवर काढले. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, वजन काठीच्या एका अंगाला लोंबलं की कडं अडणारच. वजन काठीभोवती सारखं वाटा, मग लहान पोर ओढील."

एवढ्या एका वाक्यात ती सगळी विद्या होती. डोलकाठीवर परबाण चढवणाऱ्या आणि वादळ दिसताच ते झरझर उतरवणाऱ्या माणसाला जे हातांनी ठाऊक होते, ते मला पुस्तकांतून सुचले नव्हते. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते कुलाब्याच्या आसऱ्याने शिडे चढवीत नि उतरवीत आली, तेथे खाली-वर होणाऱ्या काठीसाठी दुसऱ्या कोणाकडे पाहण्याची गरज नाही. आम्ही पट्टी काढून टाकली आणि ताटाच्याच मध्यभागी भोक पाडून ते नळीवर बसवले, जेणेकरून खांब जात्याच्या खुंट्यासारखा ताटाच्या मधोमध उभा राहिला. ताटाला खांबाच्या दोन्ही अंगांनी दोन दोऱ्या बांधल्या. त्या वरच्या दोन कप्प्यांवरून घेऊन ताटातल्याच दोन छिद्रांतून खाली आणल्या, आणि दोन्ही एकत्र ओढल्या. ताट अडले नाही, डगमगले नाही, कलले नाही, वर गेले.

आणखी दोन गोष्टी अशा आहेत की त्या चुकल्या तर सारे व्यर्थ. पहिली खारीची. माडाच्या खोडाला उंदीर-खारी चढू नयेत म्हणून आपल्या वाड्यांत पत्र्याचा पट्टा मारतात, तो उपाय येथे पुरत नाही, कारण खार दोन इंची गुळगुळीत नळालाही मिठी मारून चढते. त्यासाठी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याचे उपडे नरसाळे करावे आणि ते जमिनीपासून साडेचार फुटांवर, तोंड खाली करून, नळाला आवळावे. परंतु दोरी जर नरसाळ्याच्या खाली लोंबत राहिली तर ती खारीला आपण होऊन लावलेली शिडी ठरते. म्हणून दोरी अडकवायची खुंटी नरसाळ्याच्या वर, आपल्या खांद्याच्या उंचीला असावी, आणि उरलेली दोरी तेथेच गुंडाळावी. नळाला ग्रीस फासण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो कोणी ऐकू नये. ते ग्रीस खारीच्या केसांना आणि पाखराच्या पिसांना लागते व निघत नाही, आणि माखलेल्या पिसांनी पाखराला ना उडता येते, ना पावसात अंग कोरडे ठेवता येते. खार आपली शत्रू नाही. तिचा वाटा खांबापासून दूर, दगडावर ठेवावा.

दुसरी गोष्ट कावळ्यांची आणि कबुतरांची, आणि येथे खाली-वर होणाऱ्या ताटाचा असा एक गुण माझ्या प्रत्ययाला आला की जो मी आधी योजलेला नव्हता. छप्पर वर स्थिर आहे आणि ताट हलते, म्हणजे त्या दोहोंमधली फट आपल्या हातात असते. छप्पर ताटाहून चांगले रुंद असावे. ताट चढवून फट चार-पाच इंच ठेवली की मुनिया आणि चिमण्या सुखाने आत शिरतात, कावळ्या-कबुतरांना मात्र वाकून घुसणे अडचणीचे होते. फट हातभर केली की साळुंकी आणि बुलबुल येतात, आणि ज्या दिवशी केळ्याचा किंवा पपईचा तुकडा ठेवायचा त्या दिवशी ती तशी करावी. कोणाच्या पंगतीला कोण बसावे हे दोरीच्या दोन हातांनी ठरते. कावळ्यांवर यात अन्याय नाही; त्यांचा घास त्यांना वेगळा, उघड्यावर, जसा पूर्वापार मिळत आला तसा द्यावा. समुद्रावरून वादळी वाऱ्याची सूचना आली की ताट पूर्ण उतरवून घरात न्यावे; 2020 मध्ये ज्यांच्या छपरांचे पत्रे शेजाऱ्याच्या वाडीत सापडले त्यांना याचे कारण सांगायला नको.

रोजचे काम एवढेच: सकाळी ताट उतरवावे, उरले असेल ते टाकून द्यावे, ताट घासून धुवावे, उन्हात किंवा निदान फडक्याने कोरडे करावे आणि दुपारपर्यंत संपेल एवढेच भात, नाचणी किंवा बाजरी घालून चढवावे. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात. पावसाळ्यात मी मूठ अर्धी करतो, आणि संततधार लागली की ताट चढवीतच नाही. फरसाण, पाव, खारवलेले दाणे आणि शिळा तेलकट भात यांतले काहीही त्यात जाऊ नये. पाणी वेगळ्या, उथळ मातीच्या परळात द्यावे आणि तेही रोज बदलावे, नाहीतर पाखरांच्या नावाने आपण डास पोसतो. मुंग्या फार असतील तर आपल्या आज्यांनी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून जो बंदोबस्त केला, तोच खांबाच्या बुडाशी पाण्याचे उथळ आळे करून साधतो.

आता ज्या एका प्रकाराविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे तो शनिवार-रविवारच्या बंगल्यांचा. किहीम, आवास, सासवणे, नागाव या पट्ट्यात शहरांतील अनेक सज्जनांची घरे आहेत. त्यांच्या बागांत दाण्याची सुंदर पात्रे टांगलेली असतात. शुक्रवारी रात्री मालक येतात, पात्र काठोकाठ भरतात, दोन सकाळी पाखरांच्या गर्दीचे सुख घेतात आणि रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या जेटीकडे निघून जातात. पुढचे पाच दिवस ते पात्र पावसात आणि दमट हवेत तसेच लोंबत राहते. या मंडळींच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण ज्या घरात आठवड्याचे पाच दिवस ताट धुणारा हात नाही त्या घराने ताट मांडू नये. मांडायचेच तर निघताना ते उतरवून, पालथे करून ठेवावे, किंवा माळ्याला रीतसर त्या कामाची नेमणूक देऊन त्याचा वेगळा मेहनताना द्यावा. आणि त्याहूनही चांगले म्हणजे हिरवळीचा एक तुकडा कमी करून तेथे पेरू, जास्वंद, करवंद, उंबर असे काही लावावे.

कारण खांब हा झाडाचा पर्याय नाही, हे खांबाचा पुरस्कार करणाऱ्यानेच प्रथम कबूल केले पाहिजे. चिमणी स्वतः दाणे खाते, तरी आपल्या पिलांना पहिल्या दिवसांत किडे-अळ्याच भरवते. ज्या वाडीत कीटकनाशकाची फवारणी होऊन एकही अळी उरली नाही, तेथे पसाभर बाजरीही तिच्या पिलाच्या कामाची नाही. वादळात पडलेल्या पोफळीच्या जागी लावलेल्या श्रीवर्धनी रोठ्याच्या रोपाला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि ढोली करण्याजोगी फांदी व्हायला आंब्या-शेवग्याला त्याहून किती तरी अधिक. त्या मधल्या काळापुरते हे ताट आहे. पक्ष्यांना आयते अन्न देऊच नये असे म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझा येथपर्यंत मतभेद नाही; पण ज्या माणसांनी पाखरांची झाडे तोडून त्यांच्या जागी फरशी घातली, त्यांनी मूठभर दाण्यांच्या वेळी तेवढी निसर्गनिष्ठा आठवावी हे मला पटत नाही.

आणि ताट रोज उतरवणाऱ्या माणसाला आणखी एक प्राप्ती होते. तो पाहू लागतो. याच किनाऱ्यावर, किहीमला, 1930 च्या सुमारास सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर आडोसा करून तासन् तास बैठक मारली आणि नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर त्यात घर करते, आणि मग नर ते पुरे करून शेजारी दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो, हा त्यांचा सारा व्यवहार त्यांनी उलगडला. त्या वेळी त्यांच्यापाशी नोकरी नव्हती. किहीमचे घर, एक वसाहत आणि वेळ एवढेच होते. आपल्याला तेवढे साधणार नाही. पण कोणती मुनिया आज आली नाही, कोणत्या साळुंकीच्या पायात दोऱ्याचा फास अडकला आहे, कोणती चिमणी पिसे फुगवून बसली आहे, एवढे तरी रोज ताट धुणाऱ्याला दिसते. आणि आजारी पक्षी दिसला की ताट निदान दोन आठवडे बंद ठेवायचे, हा नियम त्याला पाळता येतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर संस्थेच्या प्रयत्नाने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला. आपल्या राज्यात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी भाषणांचा एक तास कमी करून मुलांकडून असा एक खांब उभारून घ्यावा आणि वर्षभर ताट धुण्याची पाळी वर्गावर्गांत लावून द्यावी, अशी माझी शिक्षण खात्याला विनंती आहे.

पक्षी सप्ताहाचा हा काळ दिवाळीच्या आसपासचा. आश्विन-कार्तिकात आपण घरोघर वेळूची उंच काठी उभारतो, तिच्या टोकाला कप्पी बांधतो, आणि दोरीने आकाशकंदील वर चढवतो. रोज संध्याकाळी तो उतरवून, दिवा लावून, पुन्हा चढवण्याचा परिपाठ एकेकाळी घरातल्या मुलांकडे असे. ज्यांना लोखंडी नळाचा खटाटोप झेपणार नाही त्यांच्याकडे खाली-वर होणारी काठी अशी आयतीच आहे. त्रिपुरी पौर्णिमा झाली की आपण कंदिलाबरोबर तीही उतरवून माळ्यावर टाकतो. यंदा कंदील तेवढा उतरवा. काठी राहू द्या. तिचे बूड डांबर लावून पक्के रोवा, वाळवीवर लक्ष ठेवा, छातीच्या उंचीला पत्र्याचे नरसाळे आवळा, दोरी त्याच्या वरच गुंडाळा, आणि कंदिलाच्या जागी बुडाला छिद्रे पाडलेले एक लहान ताट तीन दोऱ्यांनी टांगून मूठभर नाचणी घालून चढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली घ्या आणि धुवा.